राग खरा की आणलेला

९ मार्च

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहायला हात वळत नाही, तेव्हा नुसतंच दादा. फोन तू उचलत नाहीस. माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचू नयेत अशी व्यवस्था तू केली आहेस. मागे एकदा तुझ्या रेडिओवरच्या कार्यक्रमातच फोन लावला, तर तुझ्याकडच्या त्या गोड गळ्याच्या मुलीने "कुठलं गाणं सुचवणार?" असं विचारलं. मी म्हटलं, गाणं नाही, त्याची बहीण बोलतेय. लगेच फोन कट. पत्राला तसं करता येत नाही. फाडता येतं, पण स्वतःचं नाव लिहिलेला कागद तू आजवर न वाचता कधी टाकलेला नाहीस.

शनिवारचा कार्यक्रम ऐकला. 'आजवरचं सगळ्यांत थोर हेवी मेटल गाणं कुठलं' म्हणे. आता दर आठवड्याला दोन गाणी समोरासमोर उभी करणार, वाद घालणार आणि शेवटी तू निकाल देणार. घाल बाबा वाद, तुझं पोटच त्यावर आहे. पण तू आवाज खाली आणून, चघळत चघळत म्हणालास, "माझी एक साधी कसोटी आहे. गाण्यातला राग खरा आहे की आणलेला?" आणि समोर बसलेला तो कुठल्याशा मासिकाचा संपादक "वा, काय बोललात!" म्हणून विरघळला.

तुझी कसोटी? तुझी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विसरला असशील तर आठवण करून देते. दर रविवारी जेवण झालं की आपल्याकडे खटला चालायचा. तू एक गाणं लावायचास, मी एक लावायची, आणि आई फ्रीजला पाठ टेकून स्टुलावर न्यायाधीश म्हणून बसायची. 'मला आवडतं' हे कारण चालायचं नाही. का थोर आहे ते सांगायचं. हरणाऱ्याने भांडी घासायची. कॅसेटी नकलेच्या नकलेवरून उतरवलेल्या, कशावर नाव नाही, म्हणून आपणच बारसं केलेलं. 'शिडी', 'तीन पायांचं घोडं', 'ओला कोळसा'. आजही तू रेडिओवर खरं नाव घेतलंस की मला आधी आपलं नाव आठवतं.

आईला त्या भाषेतलं ओ की ठो कळायचं नाही. पण ती दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर बसायची. काचेतल्या भोकातून सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक तिच्यावर ओरडायचे. कुणाच्या नळाला खरंच पाणी नाही आणि कोण नुसता रुबाब दाखवायला आलाय, हे तिला पहिल्या वाक्यात कळायचं. "आणलेल्या रागाचा माणूस आधी श्वास भरून घेतो. खऱ्याला श्वास घ्यायचं सुचतच नाही," असं ती म्हणायची. त्यावर ती गाणी जोखायची. ही कसोटी तिची. तू ती उचललीस, घासून पुसून स्वतःच्या नावावर खपवलीस.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी दातओठ खाऊन गप्प बसले असते. पण संपादकाने विचारलं, "घरचे काय म्हणायचे?" आणि तू म्हणालास, "आईला तर भांडी पडल्यासारखं वाटायचं." दोघं खो खो हसलात. आई माझ्या शेजारी बसली होती. चादरीची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली आणि म्हणाली, "असू दे गं. लोक हसले ना."

लोक हसले! तुझ्या त्या लोकांना एकेकाला धरून आणावंसं वाटलं आणि या बाईसमोर बसवावंसं वाटलं.

असो. पत्राचं कारण वेगळं आहे. आपण दोघांनी केलेलं गाणं, तुझी गिटार आणि माझी गुरगुर, त्याची एकुलती एक कॅसेट तुझ्याकडे आहे. आईला ती ऐकायची आहे. पाठवून दे. कशाला, ते विचारू नकोस. आई बरी आहे.

चिमणी


३० मार्च

दादा,

उत्तर नाही, कॅसेट नाही. मिठाची गुळणी धरून बसला आहेस. शनिवारी मात्र तोंड छान चालतं.

'ओला कोळसा' पहिल्याच फेरीत बाद? अरे, लाज कशी वाटली नाही? आणि कारण काय, तर 'त्यात सोलो नाही, गाणं फार संथ आहे'. संथ आहे म्हणूनच ते थोर आहे, मूर्खा. गिटार तेच चार सूर घासत राहते, ढोल मागे मागे पडत जातो, आणि गाणारा अर्धं गाणं होईपर्यंत तोंडच उघडत नाही. तोंड उघडतो तेव्हाही ओरडत नाही, ओरडायचं टाळतो. आपल्यालाच वाटायला लागतं, ओरड रे बाबा एकदाचा. आणि मग तो ओरडतो, तेव्हा ऐकणाऱ्याला खुर्ची धरावी लागते. 'शिडी'त काय आहे? बोटांची कसरत. वर चढला, खाली उतरला, बघा किती झरझर चढलो. गवंडीसुद्धा चढतो, तो कुणाला टाळ्या मागत नाही. आणि गाणाऱ्याची ती किंकाळी! दाढ काढताना माणूस त्याहून खरं ओरडतो. हे मी अनुभवाने सांगते, आमच्या प्रयोगशाळेच्या खालीच दवाखाना आहे.

हो, मी अजून तिथेच आहे. अजून कवळ्याच करते. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासायचं. तुझ्या निकालाचं पुनःप्रक्षेपण दुपारी लागलं तेव्हा कुणा आजोबांची दाढ घासत होते. हात असा काही दाबला गेला की दाढेचा टवका उडाला. मालक म्हणाला, "बाई, घरची भांडणं घरी." सगळी पाठची बाजू परत बसवावी लागली. तेही तुझ्याच खात्यात मांडलंय.

आता खरं सांगते. आई बरी आहे असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. तिचा डावा कान पार गेलाय. उजवाही जायच्या वाटेवर आहे. डॉक्टरांनी सांगितलं की नस सुकत चाललीय. यंत्राने काही दिवस निभेल, नंतर यंत्राचाही उपयोग नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही म्हणाले. रेडिओ आता आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर असतो आणि आई उजवी बाजू त्याला लावून बसते. तुझा आवाज तिला अजून कळतो. बाकीच्यांचं ती हळूच मला विचारते, "काय म्हणाला तो दुसरा?"

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. "दया आली म्हणून येणारा मुलगा मला नको," म्हणाली. मी तिच्यासारखी मानी नाही. मला चालेल. दया येवो नाहीतर लाज, ये म्हणजे झालं.

कॅसेट तिला का हवी, तेही सांगून टाकते. तिला खटला परत उघडायचाय. शेवटचा रविवार तुला आठवत नाही असं म्हणू नकोस. तू आपलं गाणं आणलंस आणि थेट 'ओल्या कोळशा'समोर उभं केलंस. केवढा आत्मविश्वास! आईने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "चिमणीचा राग खरा आहे. तुझा आणलेला आहे."

एवढंच. दुसरी एखादी आई असती तर म्हणाली असती, वा माझ्या सोन्या. ही नाही म्हणाली, कारण तूच तिला त्या स्टुलावर बसवलं होतंस. तू कॅसेट ओढून काढलीस, खोलीचं दार आपटलंस, आणि आठवड्यात बाडबिस्तरा गुंडाळून गेलास तो गेलासच. बाहेर सांगताना काय काय कारणं सांगितलीस, कामाचं, शहराचं, हवेचं. सगळ्या नातेवाइकांना ती पटली. माणूस भांडणावरून घर सोडतो, जमिनीवरून सोडतो, बायकोवरून सोडतो. तू एका गाण्याच्या निकालावरून सोडलंस. हे जगात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

आई आता म्हणते, "त्या आठवड्यात पाइप फुटला होता. खिडकीवर तोबा गर्दी. माझे कान थकलेले होते. माझंच काही चुकलं असेल. परत ऐकायला हवं, ऐकू येतंय तोवर." म्हणून कॅसेट हवी.

आता तरी कळलं का? पाठव.

चिमणी


२० एप्रिल

दादा,

कॅसेट मिळाली. चिठ्ठी नाही, आतबाहेर एक अक्षर नाही. रेडिओ केंद्राचं छापील पाकीट आणि त्यात कॅसेट. आईने पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आत काही राहिलंय का म्हणून. मला तेव्हाच तुला फोडून काढावंसं वाटलं.

टेपरेकॉर्डर मालकाच्या माळ्यावरून आणला. आईने कानातलं यंत्र नीट बसवलं, एक हात स्पीकरवर ठेवला आणि डोळे मिटले. मी बटण दाबलं.

तुझी गिटार चांगली आहे, दादा. अजूनही चांगलीच वाटते. सुरुवातीला तू एकटा वाजवतोस तो तुकडा मी विसरले होते. मग मी येते. मला माझाच आवाज ओळखू येईना. त्या पोरीला नुकतंच सांगितलेलं होतं की पुढचं शिक्षण दादाचं, तू उद्यापासून प्लास्टर मळायला जायचंस. त्या पोरीच्या घशात जे होतं ते मला या स्वयंपाकघरात, या वयात ऐकवेना. मी नळ सोडून उगीच ग्लास धुवायला लागले. आणि मग तू ओरडतोस, शेवटच्या भागात. त्याआधी तू केवढा मोठा श्वास घेतोस तो टेपवर स्पष्ट ऐकू येतो.

गाणं संपलं. आईने स्पीकरवरचा हात काढला. मग म्हणाली, "पोरगं छान वाजवतं."

मी म्हटलं, "आई, निकाल."

"आणलेलाच आहे गं," ती म्हणाली. रडवेली झाली होती. "वाटलं होतं, माझंच चुकलं असेल."

मग जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. ती मला म्हणाली, "तू त्याला असं लिही, आईला या वेळी आवडलं. म्हणावं, आई म्हणाली, खरा राग आहे."

"खोटं लिहू?"

"मला आता काय ऐकू येणार आहे? एक खोटं बोलले तर कुणाचं काय जातंय?"

"त्याचं जातंय," मी म्हटलं. "आयुष्यात त्याला कुणी एक गोष्ट खरी सांगितली असेल तर ती तू."

"आणि त्यापायी तो गेला ना घर सोडून?" आई ओरडली. ती सहसा ओरडत नाही. हल्ली स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे चढतो. "मला नाही व्हायचं न्यायाधीश. मला मुलगा हवाय. लिही तू, आवडलं म्हणून!"

"नाही लिहिणार."

"मग तो कधीच यायचा नाही."

"नाही आला तर नाही आला!"

असं आम्ही दोघी भांडलो. तुझ्यावरून. त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. मी तिचं ऐकलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. तू कदाचित फुशारून आलाही असतास, पेढे वाटत. पण मला ते जमलं नाही. माझी आई, जिने फुकटात एका माणसाचा राग कधी खरा मानला नाही, तिने तुझ्यासारख्यासाठी खोटं बोलायला तयार व्हावं, हे मला सहन झालं नाही. म्हणून निकाल लिहिते, जसा झाला तसा. राग आणलेला आहे. अपील फेटाळलं.

आणि आता माझं. मला तुझा राग येतो. तू शिकलास त्याचा येत नाही, ते तू ठरवलं नव्हतंस. तू आईवर विनोद केलास त्याचा येतो. पत्राला उत्तर दिलं नाहीस त्याचा येतो. पण सगळ्यांत जास्त याचा येतो की तुला साधं रागावताही येत नाही. तोंडावर शिवी देत नाहीस, फोन उचलून भांडत नाहीस, नुसता गुळगुळीत आवाजात दुसऱ्यांचे राग लोकांना वाजवून दाखवतोस आणि त्यांना गुण देतोस. अरे, तुझं स्वतःचं काही आहे का?

शनिवारी तुझा अंतिम निकाल आहे. ऐकूच. आई अजून ऐकते.

चिमणी


४ मे

दादा,

तुझ्या अंतिम निकालाच्या शनिवारी आई दुपारपासूनच टेबलाशी येऊन बसली होती. यंत्राची बॅटरी बदलली, रेडिओ पूर्ण मोठा केला, उजवा कान जाळीला लावला. माझ्याशी अबोलाच होता. तरी मी शेजारी बसले.

तू नेहमीच्या मलईदार आवाजात सुरू केलंस. 'शिडी' की 'तीन पायांचं घोडं'. संपादकाने 'शिडी'ची तळी उचलली. 'घोड्या'च्या ढोलावर तुम्ही दोघं इतकं बोललात की मला जांभई आली. मग त्याने सहज विचारलं, "बाकी, ती तुमची कसोटी, खरा राग आणि आणलेला राग, ती तुम्हाला सुचली कशी हो?"

आणि तू थांबलास. मला वाटलं, रेडिओच बंद पडला.

मग तू म्हणालास, "सुचली नाही. चोरली. माझ्या आईची आहे."

संपादक हसला. त्याला वाटलं, विनोद चाललाय.

"हसताय काय? भांडी पडल्यासारखं वाटायचं म्हणालो, ते खोटं. तिला तुमच्यापेक्षा जास्त कळायचं. तिने माझं गाणं ऐकलं आणि म्हणाली तुझा राग आणलेला आहे. आणि आता परत तेच म्हणाली! इतक्या वर्षांनी! बहिरी होत चाललीय आणि कान गेले तरी निकाल बदलत नाही तिचा! एकदा खोटं बोलता येत नव्हतं तिला? आई आहे ना ती माझी, का कुठली न्यायाधीश आहे? आणि बोलणार होती म्हणे, तर ही टवळी तिला बोलू देत नाही, वर मलाच पत्र लिहून विचारते तुझं स्वतःचं काही आहे का? आहे ना! हे आहे! मी इथे बसून दुनियेच्या गाण्यांना गुण वाटतो आणि मला स्वतःला एक गाणं करता आलं नाही त्यानंतर, एक सूर नाही, गिटार हातात घेतली की ती स्टुलावर बसलेली दिसते मला—"

काहीतरी पडलं. खुर्ची असावी. ती गोड गळ्याची मुलगी "सर, सर" म्हणत होती. तू तिच्यावर ओरडलास, मग परत माइकशी आलास.

"आई, ऐकतेस का? ऐकून घे, मला तुझा राग येतो! तुझा! तू मला—"

आणि गादीची जाहिरात लागली. आरामदायी झोपेसाठी.

आईने जाळीवरचा कान काढला नाही. जाहिरात संपली, दुसरी लागली, साबणाची. कान तसाच. मला भीती वाटली. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिने तोंड वर केलं. गालावर जाळीचे ठिपके उमटले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि बाई हसत होती.

"हा खरा," म्हणाली. "चिमणे, हा अगदी खरा. श्वास घेतला नाही गं पोराने."

"तुला शिव्या घातल्या त्याने," मी म्हटलं.

"घालू दे. लिही त्याला. निकाल बदलला म्हणावं. 'ओला कोळसा' हरला."

मी हरकत घेतली. म्हटलं, त्यात गिटार नव्हती, ढोल नव्हता, चाल नव्हती. हे गाणंच नव्हे. ती म्हणाली, "मी न्यायाधीश आहे का तू?" तर तसं लिहिते. या घरापुरतं विचारशील, तर आजवरचं सगळ्यांत थोर हेवी मेटल गाणं तुझं आहे. माझी लेखी नाराजी नोंदवून घे.

पुढचं ऐकलंच असशील. तुमच्या केंद्राने श्रोत्यांची माफी मागितली. काल शनिवारी तुझ्या जागी दुसराच कुणी होता, कपाळावर आठ्या पाडून बोलावं तसा. आईने मला विचारलं, "हा कोण? आपला कुठाय?" मी म्हटलं, काढला असेल. ती म्हणाली, "मग आता मोकळा असेल."

एक गोष्ट राहिली. आईचा उजवा कान या आठवड्यात फार उतरलाय. काल ती जाळीला कान लावून बसली होती, पण मला वाटतं, फारसं काही कळत नव्हतं, नुसती बसली होती. डॉक्टरांनी ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवायची एक बाई लावून दिलीय. आई हुशार आहे, भराभर शिकतेय. माझ्याशी सराव करते. 'पाणी', 'दार', 'जेवलीस का' यांवर अडते, पण मी चिडून पुटपुटले की लगेच ओळखते. खिडकीवर काढलेली वर्षं वाया गेली नाहीत.

तुझं वाक्य अर्धवट राहिलंय. 'तू मला' एवढंच झालं आणि गादी आली. ती दिवसातून कितीदा तरी मला विचारते, "तू मला, पुढे काय म्हणणार होता तो?" मला काय माहीत? मला टवळी म्हणालास त्याचं मी तुझ्याकडे बघून घेईनच. पण तिचं वाक्य पुरं कर. पत्रात लिहू नकोस, पत्रात माणूस शब्द शोधत बसतो, ते तिला चालत नाही. आणि रेडिओवर परत घेतलं तरी आता उपयोग नाही. रेडिओला ओठ नसतात, दादा. समोर येऊन भांड.

चिमणी